भेगेतलं डांबर

मी एक जुनी चासी आहे. नाही कळलं ना? वाटलंच. गाडी म्हटलं की तुम्हाला दिसतो तो रंग, ते दिवे, तो चकचकीत बंपर. ती झाली बॉडी. तिच्याखाली पुढून मागेपर्यंत लोखंडाचे दोन जाड दांडे जातात आणि मध्ये आडव्या पट्ट्या असतात, शिडी जमिनीवर आडवी टाकावी तशा. ती शिडी म्हणजे मी. इंजिन माझ्यावर, चाकं माझ्याखाली, बॉडी माझ्या डोक्यावर, आणि आत बसलेले म्हणणार, सीट काय मऊ आहे. असो. रडगाणं गायला नाही आले मी. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती पहिल्यापासून बघितलेली मी एकटीच आहे. मित्रांनो, मध्येच उठून जाऊ नका, मला राग येतो.

कारखान्यात मला ठोकून, जोडून, काळा रंग मारून उभं केलं. मग वरून बॉडी आली. आम्हा दोघींमध्ये रबराच्या चकत्या घातल्या आणि बोल्ट आवळले. त्या दिवसापासून आमचा संसार. ती मिरवायची, मी ओढायची.

आमचा मालक शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. मागच्या सीटवर मशिनं, टपावर मशिनं, आणि सुट्टीला त्याच जागेवर बायको आणि दोन पोरं. थोरला मालकाच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकला. धाकटीला गाडी लागायची, तिचं डोकं कायम खिडकीबाहेर. मी खड्डे खायचे आणि वर हसण्याचा आवाज यायचा. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मालकाचं माझ्यावर प्रेम होतं. हे नीट ऐका, कारण सगळी भानगड इथेच आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी एका सुट्टीला तो मला विटांवर चढवायचा, खालून पाइपाने धुवायचा आणि लगेच, ओल्या अंगावर, डांबर मारायचा. वाळू द्यायचा नाही. खरवडायचा तर नाहीच. चुना मारायचा एक जुना ब्रश होता, त्याचे केस गळायचे आणि डांबरात चिकटून बसायचे. मारून झालं की शेजाऱ्यांना बोलवायचा. बघा म्हणायचा, खालून बघा, एक डाग दाखवा. शेजारी वाकून बघायचे आणि म्हणायचे, वा, गाडी ठेवावी तर अशी.

आत काय चाललंय ते कोणाला दिसत नव्हतं. आत माती, मातीत पाणी, आणि वरून डांबराचं झाकण. मी आतून कुजत होते आणि माझं कौतुक चाललं होतं.

मागे, जिथे चाकाला पेलणारी पाट्यांची स्प्रिंग मला अडकवलेली असते, तिथे एक भेग पडली. त्या वर्षी मालकीणबाई टॉर्च धरायला खाली वाकल्या होत्या. त्यांची नजर तीक्ष्ण. त्यांनी उजेड तिथेच धरला.

"अहो, ही रेघ कसली?"

"जुनी आहे. डांबर बसलं की दिसणार पण नाही."

त्या म्हणाल्या की एकदा कोणाला तरी दाखवून घ्या. त्यावर मालक हसला, म्हणाला, जन्म गेला माझा लोखंडात, तू मला लोखंड शिकवतेस? आणि त्याने ब्रश भेगेत दोनदा दाबून फिरवला. डांबर थेट आत गेलं. एक केससुद्धा गेला. मालकीणबाईंनी टॉर्च बंद केली.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. थोरला आईला मावशीकडून घरी आणत होता. आई मागे बसली होती, कारण पुढे लोणच्याची बरणी ठेवली होती आणि ती लवंडायची भीती. थोरला हळू चालवत होता. वेग मला वरचा काटा बघून कळत नाही, तो माझ्या अंगातून जातो, तेव्हा मला शिकवू नका. हळू होता. वळणावर भेग उघडली, पाटा सुटला, माझा मागचा भाग खाली बसला आणि गाडी आडवी फिरून दगडी कठड्यावर गेली. आई बसली होती ती बाजू गेली.

पुढे बरणी होती तशीच होती.

मोडलेली गाडी ओढून घराच्या मागच्या अंगणात आणली. थोरला हाताला पट्टी बांधून उभा होता. मालक समोर आला आणि त्याने एकच विचारलं, किती जोरात होतास. पोरगा म्हणाला, हळू होतो.

"हळू असलेली गाडी मोडत नाही."

बस. त्यापुढे बापलेकात शब्द झाला नाही. बघायला आलेल्या फिटरनेही सांगून टाकलं की चासी धक्क्यानेच तुटली. तो वाकलासुद्धा नाही, उभ्या उभ्या सांगितलं. मी ओरडून ओरडून थकले असते, पण मला तोंड कुठे आहे? थोरला दुसऱ्या गावी निघून गेला. धाकटी एकदा शेजारणीला सांगत होती की दादा आता सायकलसुद्धा चालवत नाही.

माझ्यावर ताडपत्री पडली. मालकाने मला भंगारात दिलं नाही. ती शेवटची यात बसली होती, म्हणायचा. कधीकधी दुपारी आत येऊन मागच्या सीटवर बसायचा, चांगल्या बाजूला. मी त्याचंही वजन पेललं.

वर्षं गेली. मालकाच्या डोळ्यांपुढे धूर यायला लागला. त्याने धाकटीला सांगितलं की पार आंधळा व्हायच्या आत मला एकदा या गाडीतून फिरायचंय. धाकटीने मिस्त्री शोधला. म्हणजे बघा, मला उघडायला लावलं ते मालकानेच.

मिस्त्री जाडा, कमी बोलणारा. त्याच्याबरोबर त्याचा मेव्हणा, सगळे त्याला लांब्या म्हणायचे, आणि तो दोघांच्या वाटणीचं एकटाच बोलायचा. त्यांनी मला ओढत आपल्या शेडमध्ये नेलं, सीटा काढल्या, वायरी सोडवून प्रत्येकीला रंगीत चिंधी बांधली, दारं उतरवली. दारांच्या जागी लोखंडी अँगल वेल्ड केले. तसं नाही केलं तर उचलताना बॉडी मधून वाकते आणि मग जन्मात दार लागत नाही. बोल्ट गंजून एकजीव झालेले, ते तापवून तापवून सोडवले. मग छताच्या आडव्या तुळईला साखळ्या लावल्या आणि ओढायला सुरुवात केली.

बॉडी पुढून सुटली. मागून सुटेना. डांबराने आम्हाला धरून ठेवलं होतं.

"दाजी, या दोघींना वकील लागणार," लांब्या म्हणाला.

मिस्त्रीने पहार घातली. कडाड आवाज झाला आणि ती वर गेली. हलत, धूळ सांडत, हवेत. आयुष्यभर जिला शिव्या घातल्या ती गेली आणि मला एकदम उघडं उघडं वाटलं. पाठीवर पहिल्यांदा उजेड पडला होता.

मिस्त्री हातोडी घेऊन माझ्यावर ठोकत निघाला. चांगलं लोखंड ठण्ण करतं, कुजलेलं ठप्प करतं. पुढे ठण्ण, मध्ये ठण्ण, मागे ठप्प, ठप्प, ठप्प. त्याने डांबराचा थर खरवडला. तुटलेल्या जागेपाशी आला आणि हात थांबला. त्याने धाकटीला हाक मारली. ती त्या दिवशी नेमकी कामावरून लवकर सुटून शेडमध्ये आली होती.

त्याने तिला दाखवलं. म्हणाला, धक्क्याने तुटलं असतं तर इतक्या वर्षांत आत सगळीकडे असा लाल गंज असता. तो फक्त इथे कडेला आहे, बोटभर, त्या दिवशी तुटलं ते एवढंच. बाकी अख्ख्या भेगेत डांबर आहे. डांबर काही आपण होऊन आत जात नाही, ते ब्रशनेच जातं. म्हणजे भेग अपघाताच्या आधीची.

धाकटीला डांबरात रुतलेला केस दिसला. तो ब्रश अजून घरी न्हाणीघरामागे पडलेला होता.

"ताई, मी वेल्डर आहे, घरच्या गोष्टीत मी पडत नाही," मिस्त्री म्हणाला. "सांगा, शिवून टाकतो. वरून ग्राइंडर मारला की कोणाला काही कळणार नाही."

मित्रांनो, मला शिवलं असतं तर मी बरी झाले असते. कोणत्या लोखंडाला बरं व्हायचं नसतं? पण मी बरी झाले की तो पोरगा कायमचा खोटा ठरणार होता. लांब्याने वेल्डिंगचा चष्मासुद्धा कपाळावर चढवला होता. धाकटी माझ्याभोवती फिरली. म्हातारा बाप एका बाजूला, भाऊ एका बाजूला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "दादा येऊ दे."

फोनवर तो येत नाही म्हणाला. मला ती गाडी बघायची नाही, म्हणाला असणार. ती एवढंच बोलली, "दादा, तू हळू होतास."

तो आला. केस पांढरे झालेले. मालकालाही धाकटीने आणलं आणि एका उपड्या डब्यावर बसवलं. मिस्त्री लांब्याला ओढत चहाला घेऊन गेला. थोरला वाकला, भेगेत बोट घातलं, काळं झालेलं बोट बघत राहिला.

मालकाला नीट दिसत नव्हतं. काय आहे, काय आहे, विचारत होता. धाकटीने त्याचा हात धरून भेगेवर ठेवला. त्याची बोटं आत गेली, केसाशी थांबली. मशिनं दुरुस्त करणारी बोटं ती, त्यांना सांगावं लागत नाही.

धाकटीला राहवलं नाही. "बाबा, तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा..."

तिने दार उघडून दिलं होतं. त्याला नुसती मान हलवून बाहेर पडता आलं असतं.

"माहीत होतं," मालक म्हणाला. "तुझ्या आईने दाखवली होती मला ही रेघ. मी म्हटलं, डांबर बसलं की दिसणार पण नाही."

थोरला उभा राहिला. "मी हळू होतो, बाबा."

"हळू होतास."

पोरगा बाहेर नळावर गेला. राखेने हात घासला, साबणाने घासला, पुन्हा राखेने घासला. मग आत न येता निघून गेला. मालकाने हात धुतलाच नाही.

मिस्त्रीने कुजलेला भाग कापून नवं लोखंड घातलं. मला वाळवून, खरवडून रंगवलं. बॉडी पुन्हा डोक्यावर आली, मिरवायला. धाकटीने मालकाला फिरवून आणलं. तो मागे बसला आणि परत आल्यावर म्हणाला की आता पुरे.

थोरला अजून माझ्यात बसलेला नाही. एकदा आला होता, बापाला न भेटता, थेट अंगणात. गुडघ्यांवर बसला, टॉर्च मारून माझ्या जोडावरून बोट फिरवलं आणि गेला.

माझ्या अंगावर लोकांनी पॉलिश मारावं, हार घालावेत, असलं काही मला नको आहे. एवढंच मागते, मित्रांनो. खाली वाकून कोणी तुम्हाला विचारलं, ही रेघ कसली, तर आधी हातातला ब्रश खाली ठेवा.