‘खेळ’ नावाचा दरवाजा

मित्रांनो, मी एका बंद पडलेल्या कारखान्याचा जुना लोखंडी दरवाजा आहे. आता मी पार्ल्यातल्या एका कलादालनाच्या मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभा आहे. माझ्यातून आता कुणी ये-जा करत नाही.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका लोहारशाळेत झाला. तिथून मला विक्रोळीला नेले. तिथे पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना होता. त्याच्या तोंडाशी मला दोन खांबांत बसवले. माझ्या एका पल्ल्यात माणूस वाकून जाईल एवढे लहान दार होते. भोंगा झाला की कामगार त्या दारातून एकेक करून आत येत. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की उरलेला झेंडूचा हार मला मिळे. ते दिवस मला अजून आवडतात.

त्या कामगारांत शिवदास नावाचा एक फिटर होता. उंच असल्यामुळे त्याला लहान दारातून फार वाकावे लागे. त्याची बायको द्रौपदी कधीकधी दुपारी डबा घेऊन येई, तेव्हा तिच्या कडेवर मालन नावाची लहान मुलगी असे. शिवदास डबा घेण्याआधी मुलीला घेई.

चौऱ्याऐंशी साली कारखान्यात टाळेबंदी झाली. मला साखळी आणि कुलूप लागले. कामगार माझ्यासमोर सतरंजी टाकून बसू लागले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एका सकाळी आतून ट्रकचा आवाज आला. मालक यंत्रे दुसरीकडे हलवत होता. यंत्रे गेली की कारखाना पुन्हा सुरू होणार नाही, हे सगळ्यांना कळत होते. ट्रक बाहेर पडू नये म्हणून कामगारांनी बाहेरून मला खांदे लावले. आतून ट्रकने धक्का दिला. एकदा दिला, पुन्हा दिला. माझी वरची बिजागरी तुटली आणि मी बाहेरच्या बाजूला कोसळलो. बाकीचे बाजूला झाले. शिवदास मधोमध होता.

मित्रांनो, याहून जास्त मी सांगत नाही. माझ्या पत्र्याला तेव्हा पडलेला मोठा पोचा अजून तसाच आहे.

पुढे कारखान्याची जागा विकली गेली आणि मी भंगारात गेलो. तिथे चंद्रप्रकाश नावाच्या तरुण शिल्पकाराने मला पाहिले. त्याला माझा गंज आवडला, पोचाही आवडला. लहान मुलांसाठी एक प्रदर्शन भरवायचे त्याच्या मनात होते. चित्रे भिंतीवर आणि मुले दोरीच्या पलीकडे, हे त्याला पटत नसे. मुलांनी कलेला हात लावावा, तिच्यात शिरावे, असे तो म्हणे. त्याने मला या कलादालनाच्या मधोमध उभे केले आणि खाली चिठ्ठी लावली : ‘खेळ’.

मी खरे सांगतो, मला आनंद झाला. रोज मुले येत. लहान दारातून आत, मोठ्या पल्ल्याला वळसा घालून बाहेर. माझ्या पोच्यावर हात मारला की ढोलासारखा आवाज येतो, हा शोध प्रत्येक मुलाला नव्याने लागे.

एके दिवशी विक्रोळीहून एक बालवाडी आली. लताबाई नावाच्या शिक्षिकेने मुलांना माझ्यासमोर बसवले आणि हे काय असेल असे विचारले. एकाला मी तुरुंग वाटलो, एकाला बंद दुकान. एक मुलगी मात्र उठून सरळ पोच्यापाशी आली आणि दोन्ही हातांनी तो वाजवू लागली. ती मालन होती. आता ती पाच वर्षांची झाली होती.

पाण्याचा हंडा घेऊन मागून बालवाडीची मदतनीस आली. ती द्रौपदी होती. तिने आधी लहान दार पाहिले, मग तुटलेली बिजागरी. हंडा खाली ठेवून ती धावत आली आणि तिने मुलीला ओढून बाजूला घेतले.

“अगं, रागावू नकोस तिला,” लताबाई म्हणाल्या. “इथे हात लावलेला चालतो.”

“बाई,” द्रौपदी म्हणाली, “ह्याच्याखाली तिचा बाप गेला.”

मालनला आजवर बाबा गावाला गेलेत एवढेच ठाऊक होते. ती आईकडे बघत राहिली. द्रौपदी जमिनीवर बसली. मुलीला मांडीवर घेऊन तिने हळू आवाजात सगळे सांगितले, ट्रकचे, बिजागरीचे, सगळे.

“बाबांना दुखलं का?” मालनने विचारले.

“हो,” द्रौपदी म्हणाली. “खूप दुखलं.”

चंद्रप्रकाश तिथेच उभा होता. “मला हे माहीत नव्हतं, दरवाजा मी आजच हलवतो,” तो कसाबसा म्हणाला. द्रौपदीने चिठ्ठीवर काय लिहिलेय ते लताबाईंकडून वाचून घेतले.

“हलवू नका,” ती म्हणाली. “पोरं खेळतायत तर खेळू दे. पण त्याचं नाव लिहा. काय झालं ते लिहा.”

चंद्रप्रकाशने चिठ्ठी काढली आणि माझ्या अंगावरच पांढऱ्या रंगाने शिवदासचे नाव लिहिले. खाली दोन ओळींत हकिगत लिहिली. दुसऱ्या दिवशी दालनाची समिती आली. लहान मुलांच्या प्रदर्शनात मरणाचा विषय नको, असे त्यांचे म्हणणे पडले. चंद्रप्रकाश खूप भांडला आणि शेवटी आपली बाकीची शिल्पे उचलून निघून गेला. समितीने मला करडा तेलरंग फासला आणि मागच्या अंगणात ठेवले. विक्रोळीच्या बालवाडीला पुन्हा बोलावणे गेले नाही.

त्यानंतर द्रौपदी एकदाच आली, एकटी. इथल्या धाकू शिपायाने तिला अंगणात सोडले. केसांतली पिन काढून ती माझा रंग खरवडत बसली. नाव काही निघाले नाही, रंगाबरोबर तेही निघून आले. खाली नुसते लोखंड लागले. त्यावर तिने थोडा वेळ हात ठेवला आणि ती गेली. तेवढ्या जागी आता मला गंज चढतो आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याकडे तेलपाणी मागतात, रंग मागतात. मला रंग नको. तुम्ही बाईंबरोबर एखादे प्रदर्शन बघायला गेलात आणि एखादी वस्तू वाईट दिसली, भीती वाटली, तर पुढच्या खोलीत पळू नका. ही कुणाची, इथे कशी आली, असे विचारा. आणि मोठ्या माणसांनो, मुलाने विचारले की त्याचे बोट धरून त्याला फुलांच्या चित्रांकडे नेऊ नका. त्याच्याजवळ जमिनीवर बसा आणि खरे असेल ते सांगा.