पाय टेकला की बाद

उमाकांत टिपणीस अकरा वेळा चॅम्पियन होते, आणि कशाचे ते सांगायची एकही संधी त्यांनी कधी सोडली नाही. चेन्नईजवळ आवडीला, संरक्षण खात्याच्या कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासनीस होते, आणि तिथल्या कॉलनीत दर सव्वीस जानेवारीला स्लो सायकलची शर्यत व्हायची. फक्कीनं आखलेल्या पट्ट्यातून पंचवीस मीटर जायचं. जो सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. पाय टेकला की बाद. बाकीचे मिनिटभरात पोचायचे नाहीतर पडायचे, आणि हे गृहस्थ हँडल डावी-उजवीकडे नाचवत तीन-तीन मिनिटं जागच्या जागी उभे. बक्षिसाचे अकरा स्टीलचे डबे घरात होते. त्यांतल्या एकातही बायकोनं कधी डाळ भरली नाही, कारण त्यांनी भरू दिली नाही.

तर अशा माणसाचा गेल्या वर्षी डावा गुडघा फुटला. जिन्यात पाय घसरला, वाटीचे तीन तुकडे झाले, ऑपरेशन करून तार घातली. हाड जुळलं, पण गुडघा काही पुरता वाकेना. पाय पुढे लांबवून खुर्चीत बसता यायचं, एकेक पायरी करत जिना चढता यायचा, अर्धा तास उभंही राहता यायचं. पण दहा मिनिटं चाललं की गुडघा टम्म फुगायचा, आणि सायकलचं पेडल तर वर येऊन तिथंच अडायचं. सायकल विकली त्या दिवशी उमाकांतराव जेवले नाहीत. त्यानंतर आठ महिने हा माणूस चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या अपार्टमेंटच्या फाटकाबाहेर एकटा म्हणून गेला नव्हता.

बायको जाऊन पाच वर्षं झालेली. घरात बाप-लेक दोघंच. ऊर्मी एकोणतीस वर्षांची, पावसाच्या पाण्याचा निचरा कसा करायचा यातली इंजिनियर. चेन्नईत या कामाला मरण नाही. तिला रॉटरडॅमहून दोन वर्षांचं बोलावणं आलं. ते यावं म्हणून पोरीनं तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं, रात्री जागून डच शिकली होती. आणि आलं तेव्हा म्हणाली, नाही म्हणून कळवणार. कारण विचारलं तर थंडी, जेवण, घरभाडं, वाट्टेल ते सांगायची. खरं कारण समोरच पाय लांबवून बसलेलं होतं आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. मी बघेन माझं, असं उमाकांतरावांनी चारदा सांगितलं. त्यावर ती एकच विचारायची, की शेवटचे एकटे बाहेर कधी गेलात? लेकीच्या पायातली बेडी आपण व्हावं याची त्यांना इतकी शरम वाटे की रात्रीची भाकरी गोड लागेना. उत्तर कळवायला तीन आठवडे होते.

दाराआड उभं असलेलं चाक ते रोज पाहत होते. ते ऊर्मीचं जुनं. नवं घेतलेलं ती ऑफिसला जायला वापरायची. विजेवर चालणारं एकच जाडजूड चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला दोन फळ्या, ना हँडल ना सीट. पुढे झुकलं की पळतं, मागे रेललं की थांबतं. त्याला उमाकांतराव आजवर सर्कस म्हणत आले होते. त्या मंगळवारी मात्र चहा पिता पिता त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की अरेच्चा, याला पेडलच नाही. म्हणजे गुडघा वाकवायचा प्रश्नच नाही. चहा अर्धा तसाच राहिला.

ऊर्मी ऑफिसला गेली की ते चाक लिफ्टमधून पार्किंगमध्ये उतरवायचं आणि भिंत धरून उभं राहायचं, असा उद्योग सुरू झाला. लेकीला कळू द्यायचं नव्हतं. एकदम चालवूनच दाखवायचं होतं. पहिले तीन दिवस चाक त्यांच्या पायाखालून निसटून जात राहिलं. एकदा ते कुणाच्या तरी स्कूटरवर आदळलं, स्कूटर बोंबलायला लागली, आणि उमाकांतराव खांबामागे श्वास रोखून उभे राहिले. त्रेसष्टाव्या वर्षी.

चौथ्या दिवशी तळमजल्याच्या कृष्णवेणीअक्का गळ्यात शिट्टी अडकवून बाहेर आल्या. अक्का तंजावरकडच्या मराठी. अड्यारच्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, वय सहासष्ट, पाठ अजून ताठ. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि हेल अस्सल तमिळ. उमाकांतराव त्यांची मराठी सुधारायचे आणि त्या यांचं तमिळ. गेले तीन दिवस त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही कसरत बघत होत्या आणि आता त्यांना राहवेना.

त्यांनी आधी अर्धा तास नुसतं पाहिलं. मग निदान केलं. हा माणूस चाक स्लो सायकलसारखं चालवू पाहत होता. जितकं हळू तितकं भलं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. पण या चाकाला हळू मानवत नाही. जरा वेग आला तरच ते सरळ उभं राहतं. आणि दुसरी खोड त्याहून वाईट. तोल गेला की कुणीही शहाणा माणूस पाय खाली टेकतो. उमाकांतराव टेकत नव्हते. अकरा वर्षांची सवय. पाय फळीवर घट्ट रोवून, चाकासकट, तोडलेल्या झाडासारखे ते आडवे होत होते.

"पाय टेका हो," अक्का म्हणाल्या. "इथें कोण बाद कराय बसलंय तुम्हांस?"

उमाकांतरावांना राग आला. चॅम्पियन माणसाला पाय टेकायला सांगणं म्हणजे काय? पण चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना कोलांट्या घालायला लावलेली ती बाई अशी ऐकणार नव्हती. तिनं दोन दिवस त्यांना पुढे जाऊच दिलं नाही. चढायचं, शिट्टी वाजली की पाय टेकून उतरायचं. पुन्हा चढायचं, पुन्हा उतरायचं. एका सकाळी चाळीस वेळा. आधी उजवा पाय फळीवर, पोटरी चाकाच्या अंगाला टेकलेली, मग डाव्यानं जमिनीला रेटा देऊन तोही वर. एकेचाळिसाव्या वेळी त्यांना कळलं की आपल्याला आता पडायची भीती वाटत नाहीये, आणि ती जाताच खांदे सैल झाले.

मग वेग. नजर पायाशी जायला लागली की अक्का पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायच्या, "नेरा पारुंगो!" सरळ बघा. उमाकांतराव सरळ बघायचे, जरासे पुढे झुकायचे. बाराव्या दिवशी ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मधे कशालाही न शिवता, सुळकन गेले. हवा तोंडावर लागली. आठ महिन्यांत स्वतःच्या बळावर जाताना त्यांना अशी हवा लागली नव्हती. समोरच्या भिंतीशी उतरल्यावर ते तिलाच टेकून लहान पोरासारखे हसत राहिले, आणि अक्का म्हणाल्या, "परवाइल्ले," म्हणजे ठीक आहे. अक्कांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पद्मश्रीच.

आता इथं शहाण्या माणसानं थोडं दमानं घ्यायचं. पण उमाकांतरावांना दुसऱ्याच दिवशी अक्का नसताना खांबाला वळसा घालून बघायची हुक्की आली. हातमोजेही चढवले नाहीत. वेगात वळले, चाक तिरपं झालं, कोपर आणि तळवा सोलवटून निघाले. नशीब, गुडघ्याला काही झालं नाही. जखम धुऊन ते मे महिन्यात, चेन्नईच्या मे महिन्यात, लांब बाह्यांचा शर्ट घालून जेवायला बसले.

ऊर्मीनं आधी शर्टाकडे पाहिलं. मग बाहीवर उमटलेल्या लाल डागाकडे. मग उठून दाराआडच्या चाकाकडे गेली. त्याची एक बाजू खरवडून पांढरी पडली होती. ती ओरडली नाही; ओरडली असती तर बरं झालं असतं. चाक तिनं कपाटात घातलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

"दुसरा पाय मोडून घ्यायचाय का बाबा तुम्हाला?" ती म्हणाली. "आता तर मी जाणारच नाही. सोमवारी सकाळी कळवून टाकते."

उमाकांतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. जी गाठ सोडवायला हा सगळा खटाटोप केला, ती त्यांनीच आणखी घट्ट करून ठेवली होती. दोन दिवस ते बाल्कनीत बसून राहिले.

शनिवारी संध्याकाळी अक्का वर आल्या. त्यांनी आधी स्वतःचा गुन्हा कबूल केला, की शिकवणारी मी. मग उमाकांतरावांना त्यांच्याच घरात, त्यांच्याच लेकीसमोर, एकट्यानं वळायला गेल्याबद्दल यथेच्छ झापलं. ते मान खाली घालून ऐकत होते. ते झाल्यावर त्या ऊर्मीकडे वळल्या. एवढंच म्हणाल्या, की तू जखम पाहिलीस. चालवताना पाहिलंस का? ऊर्मीनं पर्समधून किल्ली काढली. म्हणाली, उद्या सकाळी, एकदाच. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याला कवच. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं.

रविवारी साडेसहाला तिघं इमारतीमागच्या गल्लीत उभे राहिले. गल्ली लांब, सरळ, अर्धा किलोमीटरची. टोकाला चहाचं दुकान. उमाकांतराव चढले. आणि लेक बाजूला दिसताच सगळं शिकलेलं विसरून जुन्या सवयीनं अगदी सावकाश निघाले. चाक लटपटायला लागलं. ऊर्मी हात पुढे करून शेजारून चालत होती, चालायला शिकणाऱ्या बाळाच्या बाजूनं आई चालते तशी. उमाकांतरावांनी त्या हाताकडे पाहिलं. हा हात असाच पुढे राहिला तर ती जन्मभर इथंच राहील.

"हात काढ, ऊर्मी," ते म्हणाले. "मला पुढे जाऊ दे."

तिनं काढला. त्यांनी समोर, पार चहाच्या दुकानाच्या पाटीकडे नजर लावली आणि छाती पुढे टाकली. चाक गुणगुणलं आणि निघालं. भिंती, गाड्या, कडुनिंब, कपडे वाळत घातलेली बाल्कनी, सगळं मागे पडायला लागलं. मागून ऊर्मीच्या धावणाऱ्या पावलांचा आवाज येत होता आणि तो लांब लांब जात होता.

अर्ध्या वाटेवर एका फाटकातून पाण्याचा टँकर पाठीमागे येत बाहेर निघाला. सगळी गल्ली अडली. मागून ऊर्मीची किंकाळी आली. उमाकांतरावांनी टँकर केव्हाच पाहिला होता. ते मागे रेलले, वेग मोडला, आणि टँकरच्या वीस पावलं अलीकडे, घाई न करता, पाय टेकला. चाक हातानं धरून कडेला घेतलं. ड्रायव्हरनं फुरसतीत तीनदा पुढे-मागे केलं, हे उभे राहिले. मग तो गेला. हाताशी भिंत नव्हती, अक्का नव्हत्या. पहिल्यांदा चढताना जमलं नाही. पुन्हा पाय टेकला. दुसऱ्यांदा चढले आणि गेले. चहाच्या दुकानापुढून वळसा घेतला, ऐसपैस, सावकाशीचा नव्हे तर बेताचा, आणि परत आले. ऊर्मीसमोर थांबलेसुद्धा नाहीत. आणखी एक फेरी मारली, मग आणखी एक, कारण थांबा असं कुणीच म्हणालं नव्हतं.

तिसऱ्या फेरीनंतर ते उतरले तेव्हा घामानं निथळत होते आणि कानापर्यंत हसत होते. ऊर्मी फुटपाथच्या कडेला बसली होती. ती रडत होती की हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. टँकर आला तेव्हा मला वाटलं संपलं, ती म्हणाली. आणि तुम्ही उतरून बाजूला उभे राहिलात, तेव्हा मला वाटलं की यांना जमेल. चाक नाही, सगळंच. मी नसताना.

तिनं फोन काढला, लिहून ठेवलेलं नकाराचं पत्र पुसलं आणि तिथंच बसून दुसरं लिहिलं. लिहून झाल्यावर फोन बापाच्या हातात दिला आणि म्हणाली, तुम्ही पाठवा. पत्र डचमध्ये होतं. त्यांना ओ की ठो कळेना. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं.

"माझे वडील आता एकटे बाहेर जातात," ती म्हणाली. "मी येते."

उमाकांतरावांनी पत्र पाठवलं. मग हेल्मेट डोक्यावर तसंच असताना, भर गल्लीत, अक्कांच्या देखत, लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून ते हमसून हमसून रडले. जिंकल्याच्या आनंदानं, आणि आता दोन वर्षं ती समोर दिसणार नाही म्हणूनही.