गोठ्यातला कप

सुभेदार लालासाहेबांनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. दिल्लीत नव्यानं उभ्या राहणाऱ्या एका मोठ्या संग्रहालयासाठी वस्तू गोळा करत एक बाई सातारा-सांगली फिरत होत्या, आणि त्या लालासाहेबांच्या घरी येणार होत्या. मग काय विचारता! आजोबांची तलवार लिंबानं घासली, स्वतःची पदकं मखमलीवर मांडली, पलटणीतल्या ट्रंकेला काळा रंग मारला. देशाची गोष्ट सांगायची आणि तीत आपल्या घराण्याचं नाव नाही, हे त्यांना पटणंच शक्य नव्हतं. पारावर तसं सांगूनही झालं होतं.

बाई आल्या. त्यांनी सगळं आदबीनं पाहिलं, चहा घेतला आणि म्हणाल्या, की तलवारी नि पदकं दिल्लीत ढिगानं आहेत. त्यांना हवं होतं ते रोजच्या वापरातलं. मिरजेत एका तंबोरे करणाऱ्यानं त्यांना झिजलेली कानस दिली होती, माधवनगरातून त्यांनी मागाचा धोटा आणला होता. माणसं कशी जगली ते अशाच वस्तूंवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. लालासाहेबांचा चेहरा उतरला. तरी सून दीपमालाला त्यांनी घर दाखवायला सांगितलं आणि स्वतःही मागोमाग निघाले. न जाणो, पाटा नाहीतर रवी तरी पसंत पडायची. नाव लागल्याशी मतलब.

पाटा नको, रवी नको. गोठ्यात मात्र बाई थांबल्या. गव्हाणीवरच्या कोनाड्यात एक कप पालथा घातलेला होता, गुलाबी फुलांचा, कान तुटलेला. हा इथं कसा, त्यांनी विचारलं. दीपमाला खाली बघायला लागली.

"जनावरांना औषध पाजायला लागतो," लालासाहेब चटकन म्हणाले.

ते तोंडातून निघतंय तोच बनाबाई आली. खालच्या वस्तीतली, लालासाहेबांच्याच वयाची. त्यांच्याच उसात भांगलायला होती आणि चहाची वेळ झाली होती. तिनं सवयीनं कोनाड्यातला कप काढला, नळाखाली विसळला आणि पुढं धरला. दीपमालानं आतून पातेलं आणून, कपाला लागू न देता, उंचावरून चहा ओतला. बनाबाई भिंतीकडेला उकिडवी बसून चहा प्यायला लागली. इतकी वर्षं कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आज एक परकी बाई बघत उभी होती.

लालासाहेबांची कानशिलं तापली. पलटणीत ते सगळ्यांच्या पंगतीला जेवले होते. बर्फात एकाच मगातला चहा पाळीपाळीनं प्यायले होते, आणि तिथं कुणी कुणाची जात विचारली नव्हती. पेन्शनीत निघून घरी आले तेव्हा हा कोनाडा होता तसाच होता. आपल्या तो कधी ध्यानातच आला नाही, असं त्यांना आता स्वतःशी म्हणायचं होतं, पण ते खरं नव्हतं. त्यांना लाज वाटली. आणि ती पकडले गेल्यावर वाटतेय, याची त्याहून जास्त वाटली.

बाईंनी तोच कप मागितला. न्या, कायमचा न्या, लालासाहेब घाईघाईनं म्हणाले. एकदाची ती ब्याद डोळ्यांपुढून जायला हवी होती. पण बाई म्हणाल्या, की ज्यांचा कप आहे त्यांना विचारायला हवं, आणि त्या बनाबाईकडं वळल्या. दिल्ली, संग्रहालय, सगळं नीट समजावून सांगितलं.

बनाबाईनं चहा संपवला. "न्या की," ती म्हणाली. "पर सुभेदार, उद्या मी च्या कशात पिऊ?"

दीपमाला सासऱ्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, कारण घरात शब्द त्यांचाच चालायचा. आत फळीवर कपांची रांग होती. त्यांनी नुसतं म्हणायचा अवकाश होता.

"उद्या बाजारातनं तुला नवा आणतो की," लालासाहेब म्हणाले.

बनाबाईनं समाधानानं मान हलवली. "कानाचा आणा मग. ह्यो लय पोळतोय."

आपण काय बोललो ते लालासाहेबांना तेव्हा कळलं. बाईंनी कप पुसून कापसात गुंडाळला, पेन काढलं आणि कपाखालच्या पाटीवर लिहायला घराण्याचं पूर्ण नाव विचारलं. लालासाहेबांच्या तोंडून ते फुटेना.