खिडकीतलं जहाज

टेबल खिडकीसमोरच्या भिंतीला आणि तिन्ही स्क्रीन रस्त्याकडे तोंड करून, असं मी मांडलं तेव्हा बाउके, म्हणजे माझा नवरा, डोक्याला हात लावून उभा राहिला.

"वीप्के, अख्ख्या लेमर गावाला दिसणार गं तू काय करतेस ते!"

"दिसू दे. पडदे ओढले तर म्हणतील, हे काहीतरी लपवतायत."

पडदे ओढायची हिंमत आमच्या गल्लीत कोणात आहे?

दिवसा तिन्हींवर ऑफिसचे हिशेब, आणि काम संपलं की गेम. मालवाहू जहाज हाकायचं. मधल्या स्क्रीनवर पाणी, बाजूच्या दोन्हींवर काठ. आहाहा, काय सुख!

पण माझा जीव त्यात पुरता रमत नव्हता. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांचं जहाज मी विकायला लावलं म्हणून. हृदयाने दोनदा दगा दिला, तरी म्हातारा सुकाणू सोडेना, मग काय करायचं? विकलं ते बरंच केलं, आजही छातीठोकपणे सांगेन. पण रोज संध्याकाळी कुत्रं घेऊन माझ्याच खिडकीवरून जायचे आणि मान वळवायचे नाहीत, ते फार लागायचं.

त्या गुरुवारी मी कालव्यातलं पाणी अडवणाऱ्या अरुंद दारातून जहाज आत घालत होते. एवढ्यात काचेवर धाडधाड! वळून बघते तर बाबा, काचेला नाक लावून, लालबुंद.

"अगं वेग कमी कर, वेग! गाय हाकतेयस का? मागे घे! मागे!"

धडाम. जहाज भिंतीवर.

"घातलं! घातलं खड्ड्यात!" बाबांनी कपाळ बडवलं. रस्त्यावर दोघं-तिघं थांबून हसायला लागले.

"दार उघडंच आहे, बाबा," मी ओरडले.

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण बोललो. ते तोंड फिरवून निघणारच होते, पण कुत्रं केव्हाच आत घुसलं होतं. त्याला न्यायला यावंच लागलं.

आत आले, स्क्रीनकडे बघत उभे राहिले.

"ऊठ."

मी उठले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि जहाज इतकं अलगद आत नेलं की भिंतीला ओरखडासुद्धा नाही.

"याला भोंगा कुठाय?"

दाखवला. त्यांनी तो असा वाजवला की बाउके जिन्यावरून धावत आला, बाबांना बघितलं आणि गुपचूप कॉफी करायला गेला.

"नाव काय ठेवलंयस जहाजाचं?"

"काहीच नाही."

"बिननावाचं जहाज असतं का कुठे! आईचं टाक."

विकलेल्या जहाजावर तेच नाव होतं. मी वाकून टाइप केलं. बाबा बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले.

"हे विकलंस ना," स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले, "तर याद राख."

"नाही विकत, बाबा," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.