चपला घातल्यानंतरचं बोलणं

माझी सून माझ्यावर संशोधन करते. हे मी शेजारणीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं, की घरी येऊन मी पोट धरून हसले. तसं काही नाही हो. पाहुणे निघाले की दारात उभं राहून लोक जे बोलतात, त्या बोलण्याचा ती अभ्यास करते. आणि दारात उभं राहून बोलण्यात या इमारतीत माझा हात धरणारं कोणी नाही.

खरं तर माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. कॉल जोडून द्यायचे आणि वेळ संपली की ‘तीन मिनिटं झाली’ असं सांगून बोलणं तोडायचं. किती जणांच्या ‘अगं, ऐक ना’वर मी कॉल तोडला असेल, देव जाणे. ती उरलेली सगळी मिनिटं मी आता स्वतः वापरते, असं आमचे चिरंजीव म्हणतात. त्यांना म्हणायला काय जातंय?

सूनबाईनं भाषा या विषयात पीएचडी केली, दोन वर्षं कॉलेजात शिकवलं, मग नात झाली आणि तिचा लॅपटॉप कपाटात चादरींच्या खाली गेला. तो तिथे पाच वर्षं होता. या वर्षी नात दिवसभराच्या शाळेत जायला लागली तसा तो बाहेर आला, आणि त्याच्या पाठोपाठ हे दारातल्या बोलण्याचं खूळही.

महिन्याभरापूर्वी तिला कळलं, की बोलण्याचा अभ्यास करणाऱ्या लोकांची मोठी कॉन्फरन्स भरणार आहे. दुसऱ्या देशात, पाच दिवस. तिथे पेपर वाचायचा तर आधी गोषवारा पाठवायचा असतो: काय शोधलं, कसं शोधलं, काय सापडलं आणि एखादं उदाहरण, सगळं तीनशे शब्दांत. मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहाची. हे तिनं मला सांगितलं ते भांडी पुसता पुसता, माझ्याकडे पाठ करून.

“पाठवून बघते नुसतं,” ती म्हणाली. “निवड काही व्हायची नाही.”

मी म्हटलं, “बरं.”

खरं तर मला राग आला होता. परीक्षेला बसायच्या आधीच नापासाची तयारी! पण या बाबतीत तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ‘जा’ म्हटलं तर सासूनं ढकललं, ‘बघ बाई’ म्हटलं तर सासूनं अडवलं. म्हणून मी मूग गिळून गप्प.

तिच्या संशोधनाची पद्धत अशी. दाराजवळ चपलांचं कपाट आहे, त्यावर तिचा फोन रेकॉर्डिंग सुरू करून ठेवायचा. येणाऱ्याला तसं सांगायचं, त्याची सही घ्यायची. गंमत म्हणजे दहा मिनिटांत सगळे ते विसरतात. मग ती प्रत्येक ‘हं’ आणि प्रत्येक गप्प क्षण लिहून काढते. लेखात कोणाचं नाव येत नाही, नंबर येतो. मी ‘सहभागी ३’.

“तीन का?” मी विचारलं होतं. “या घरात सगळ्यात आधीपासून मी राहते.”

“आई, ते ओळख लपवायला असतं.”

“मला काय लपवायचंय? खुशाल नाव घाल. आडनावासकट घाल.”

“नियम आहे हो.”

“मग निदान एक नंबर तरी दे.”

एक नंबर वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना गेला होता, कारण त्यांनी सही आधी केली. त्या माणसानं माझी दाढ काढली तेव्हाही मला त्याचा एवढा राग आला नव्हता.

तिला काय सापडलं, ते मात्र मला पटलं. मटार सोलता सोलता तिनं मला समजावून सांगितलं. माणूस ज्या कामासाठी आलेला असतो ते सोडून दोन तास बाकीचं सगळं बोलतो. मग उठतो, निघतो, चपला घालतो, आणि दाराला हात लावून म्हणतो, ‘बरं, एक विचारायचं होतं.’ चपला घातल्या, की आता नकार मिळाला तरी निघून जाता येतं. म्हणून धीर येतो.

“काहीतरीच,” मी म्हटलं. दुसऱ्याच दिवशी दंतवैद्य आले. पेपरातल्या बातम्या झाल्या, पाण्याची टाकी झाली, चहा झाला. बाहेर पडून दोन्ही पायांत चपला सरकवल्यावर म्हणतात कसे, “बरं, तुमची शिडी मिळेल का?” मी त्यांच्या तोंडावर हसले. बिचाऱ्यांना वाटलं, शिडीत काही विनोद आहे.

गोषवाऱ्यात सूनबाईनं हेच शिडीचं उदाहरण घातलं, आणि शीर्षक दिलं ‘निरोपप्रसंगीच्या संवादातील आशयविलंबन : एक समाजभाषावैज्ञानिक विवेचन’. ते वाचून होईपर्यंत पाहुणा घरी पोचून जेवला असता. मी तसं म्हटलंही. ती हसली नाही. तिनं तो मसुदा तिच्या जुन्या मॅडमना पाठवला आणि शुक्रवारी सकाळी त्यांचं उत्तर आलं: मांडणी उत्तम, उदाहरण मिळमिळीत, शिडी मागायला कोणाला कसला धीर लागतो? याहून जिवंत काही नाही का?

दुपारी मी चहा घेऊन गेले तर ही कपाळाला हात लावून बसलेली.

“जाऊ दे आई, मी नाहीच पाठवत,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू.”

‘पुढच्या वर्षी’ ऐकलं आणि माझा ठराव मोडला. “अगं, पुढच्या वर्षी कशाला? माझं आणि तुझ्या आईचं घे की! विहीणबाई आल्या होत्या त्या दिवशीचं. दोन तास नुसते गुडघे आणि पडद्यांचं कापड, आणि दारात जाऊन चपला घातल्यावर...”

इथे माझी जीभ अडखळली. कारण दारात आम्ही काय बोललो होतो ते मला आठवलं. ते तिच्याबद्दलच होतं. ती तेव्हा आत नातीला आंघोळ घालत होती. फोन कपाटावर होता, हे मीही दहा मिनिटांत विसरले होते.

“ते नको,” ती घाईनं म्हणाली.

“तू ऐकलंयस ते?”

“हो.”

“सगळं?”

“आहे तेवढं.” आणि तिनं ते लावलं.

आधी चपला घासल्याचा आवाज. मग विहीणबाईंचा आवाज: “बरं, येते मग.” मी: “या हं. गुडघा शेकत जा.” “हो, हो. पडद्याचं कळवते.” “कळवा.” मग कडी वाजली. मग कोणीच काही बोललं नाही. आणि मग विहीणबाई, एकदम खालच्या आवाजात: “विहीणबाई, एक विचारायचं होतं. हिनं पुन्हा काम सुरू केलं, परगावी जायची वेळ आली, तर चालेल ना तुम्हाला? घर, पोर, सगळं तुमच्यावर येईल. तिला विचारायचा धीर होत नाही, म्हणून मी आले.”

आणि मग मी, ठणठणीत आवाजात: “हे बघा, विहीणबाई...”

तिथे ते संपलं.

“पुढे?” मी विचारलं.

“पुढे नाही. यांचा फोन आला आणि रेकॉर्डिंग बंद पडलं.”

आठवलं मला. चिरंजीवांनी नेमका त्याच क्षणी ऑफिसातून फोन केला होता, चष्म्याची डबी घरी राहिली का विचारायला. डबी त्यांच्या खिशात होती.

मला आधी हसू आलं, मग तिला काय वाटलं असेल ते एकदम लक्षात आलं. मी कोणाला ‘हे बघा’ म्हटलं की पुढे काय येतं, हे या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. बिलात चूक करणाऱ्या दुकानदाराला मी ‘हे बघा’ म्हणते. रात्री ड्रिल चालवणाऱ्या खालच्या भाडेकरूला ‘हे बघा’ म्हणते. ही पोर महिनाभर माझं ते ‘हे बघा’ उशाशी घेऊन झोपली होती, आणि रोज सकाळी माझ्याशी हसून बोलत होती.

“आईला विचारायचंस ना!”

“विचारलं. ती म्हणाली, मी कोणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय, तुझ्या सासूबाईच सांगतील.”

तो शब्द मीच घेतला होता. विहीणबाईंच्या पोटात आजवर एक गोष्ट राहिली नाही. राहिली ती नेमकी ही.

आता सांगून टाकायचं, एवढंच होतं. सून समोर बसलेली, चहा निवत चाललेला. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “कुकरची रिंग बदलायला झालीय.” पुन्हा प्रयत्न केला, तर मी पडद्याच्या कापडाबद्दल बोलायला लागले. जन्मभर फोनवर बोललेली बाई मी, आणि माझंच बोलणं जोडलं जाईना. तिनं मान खाली घातली. माझा स्वतःवरच संताप झाला.

मी उठले, दाराशी गेले आणि चपला घातल्या.

“आई, कुठे निघालात?”

“फोन आण. सुरू कर ते. आणि ते विमानाचं चित्र असतं ना, ते दाब, नाहीतर पुन्हा कोणाची तरी डबी हरवेल.”

ती फोन घेऊन आली. मी दाराला हात लावला आणि बाहेर जिन्याकडे बघत बोलायला लागले.

“हे बघा, विहीणबाई, मला काय विचारता? तिचा लॅपटॉप पाच वर्षं चादरींखाली होता ना, तो दर महिन्याला काढून मी पुसत होते. तिला कळू नये म्हणून पुन्हा होता तसा ठेवत होते. मी नोकरीत लोकांची बोलणी मध्येच तोडली, कारण ते कामच होतं. पण हिचं असं मध्येच तुटलेलं मला बघवत नाही. जाऊ दे तिला. पाच दिवस जाऊ दे नाहीतर महिनाभर. पोरीची वेणी मला घालता येते, तिच्या बापालाही शिकवीन. पण हे मी सांगितलं तर ढकलल्यासारखं होईल. तिचं तिला विचारू दे. तोवर तुम्ही तोंडाला कुलूप लावा.” मी श्वास घेतला. “असं म्हटलं होतं मी. जवळजवळ असंच.”

मग मी वळून पाहिलं. ती रडत होती आणि हसतही होती, आणि फोन मात्र सरळ धरलेला होता.

“आता घाल हे उदाहरण,” मी म्हटलं.

“नाही घालता येणार,” ती नाक पुसत म्हणाली. “हे तुम्ही आठवून पुन्हा बोललात. असं चालत नाही.”

“मग चालतं तरी काय तुमच्यात?” माझा तिळपापड झाला.

“आत्ता झालं ते चालतं. तुम्हाला टेबलाशी बोलता आलं नाही. कुकर झाला, पडदे झाले. चपला घातल्या आणि बोललात.” ती थांबली. “घालू का? तुमची परवानगी असेल तर.”

“घाल. पण माझी वाक्यं कापायची नाहीत.”

ती आत पळाली. मी चपला काढल्या नाहीत. काढल्या तर तोंड पुन्हा बंद होईल अशी भीती वाटली. दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि तिथूनच भांडत राहिले. तिनं विचारलं, “कुकर काढू का?” मी म्हटलं, “खबरदार!” तिनं विचारलं, “वेणी?” मी म्हटलं, “तुझं ते आशयविलंबन काढ की आधी.” मग लॅपटॉपच्या कळा दाबल्याचा आवाज आला.

“‘चपला घातल्यानंतरचं बोलणं’,” तिनं मोठ्यानं वाचलं. “शीर्षक. कसं आहे?”

“हे कळतं बाई,” मी म्हटलं.

वेणी राहिली, कुकर राहिला. चिरंजीवांनाही जागा मिळाली. आधीच्या रेकॉर्डिंगच्या ओळीत कंसात लिहिलं होतं, ‘येथे फोन आला’. मी मात्र तीनच राहिले.

सहाला थोडा वेळ असताना ती बाहेर आली. “पाठवलं,” म्हणाली. मग तिनं आपल्या चपला काढल्या कपाटातून, पायांत घातल्या आणि माझ्या शेजारी दारात उभी राहिली. मी काही विचारलं नाही. अनुभवी सहभागी आहे मी. वाट बघायची असते, एवढं मला आता कळतं.

“आई,” ती म्हणाली, “निवड झाली तर?”

“तर जायचं.”

“तिथे उभी राहिले आणि काही आठवलंच नाही तर? पाच वर्षं झाली. मला फार भीती वाटते.”

मी तिचा हात हातात घेतला. “बोलायला उभी राहशील ना,” मी म्हटलं, “तेव्हा पायातलं काही काढू नकोस. मग बरोबर बोलशील.”

ती खो खो हसत सुटली, आणि तिचं बघून मी. तेवढ्यात खालून जिना चढत चिरंजीव आले, नातीला पोहायच्या क्लासवरून घेऊन. ओल्या केसांची नात, त्यांच्या खांद्यावर तिची पिशवी, आणि दारात आम्ही दोघी चपला घालून, डोळे पुसत.

“कुठे निघालात दोघी?” त्यांनी विचारलं.

“ही कॉन्फरन्सला,” मी म्हटलं. “मी आपली दारापर्यंत सोडायला आलेय.”