मोडेमच्या अंगात आलं

मित्रांनो, मी एक जुना मोडेम. जुना म्हणालो, मोडका नाही. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आणायचं हे माझं काम, आणि ते करताना मी किंचाळतो. आधी कुईंऽऽ, मग खर्रर्र. त्याला माझा इलाज नाही. दूरच्या मोडेमशी मी असाच बोलतो.

डॉक्टर नीलिमाताईंच्या जीपमध्ये जनावरांचा फिरता दवाखाना होता. खंडाळ्यापासून आटपाडीपर्यंत मी सुयांच्या डब्याशेजारी बसून हिंडलो. फोन दिसला की ताई थांबायच्या, लॅपटॉप काढून मला जोडायच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळेला ई-मेल धाडायच्या. मेंढी का खोकते, बैल रवंथ का थांबवतो, मला सगळं जाणून घ्यायचं असायचं!

१९९९च्या उन्हाळ्यात आटपाडीजवळच्या एका गावाबाहेर, विहिरीजवळ, मेंढपाळ हरणाबाईंचा कळप उतरला होता. मेंढ्यांच्या ओठांवर खपल्या धरल्या. गावातले दादासो म्हणाले, हा देवीचा रोग, आमच्या शेरडांना लागेल, कळप आजच हलवा. ताईंना वाटत होतं, हा मावा नावाचा तोंडाचा साधा आजार, तीन-चार आठवड्यांत बरा होणारा. खपल्या तपासायला पुण्याला गेल्या होत्या आणि निकाल त्याच दिवशी ई-मेलने येणार होता. गाभण मेंढ्या घेऊन हरणाबाई जाणार कुठे? पुढे पाणीच नव्हतं.

गावातल्या सुलाबाईंच्या दुकानातल्या फोनला ताईंनी मला जोडलं. मी किंचाळलो आणि जोडणी तुटली. पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. झालं होतं असं, की त्याच तारेवरचा दुसरा फोन आतल्या घरात होता. माझा आवाज आला की सुलाबाईंच्या सासू मनुबाई तो फोन उचलायच्या आणि कळवळून विचारायच्या, कोन हाय, कुटं दुखतंय? ताईंनी त्यांना इंटरनेट समजावलं. मनुबाईंनी मान डोलावली आणि तिसऱ्यांदा फोन उचलला.

तेव्हा हरणाबाई स्वतः आत गेल्या.

"आवं मावशी, त्येच्या अंगात आलंय. देवाचा शब्द पडंस्तवर फोनला शिवायचं न्हाई."

मनुबाईंनी फोन ठेवून हात जोडले. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? ही डाक्टरीण कायबाय विंग्रजी बोलत हुती."

घर चिडीचूप झालं. मी कुईं केलं, खर्रर्र केलं आणि जोडला गेलो. ताईंनी निकाल मराठीत वाचला : देवी नाही, मावा आहे. हरणाबाईंनी तो दोनदा वाचायला लावला, कारण दादासो दारात उभे होते. त्यांनी टोपी सारखी केली.

"ऱ्हावा मग हिरीवर. पन आमच्या शेरडांपास्नं लांब पानी पाजा."

पुढच्याच वर्षी माझ्याहून वेगवान मोडेम आला. मी कपाटात गेलो, धूळ खात बसलो. तक्रार नाही. मित्रांनो, एकच मागतो. कुणी अडखळत, चिरक्या आवाजात काही सांगू लागलं, मग ती मेंढी असो, म्हातारी असो की यंत्र, तर त्याला मध्येच तोडू नका. शब्द पडेपर्यंत थांबा.