केलार्टांची वंशावळ

दोन महिने मी मेलेल्या माणसांच्या मागे धावत होते. गॉलच्या डच चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळून नाक चोंदलं होतं. माझ्या भावाला, ऑस्मंडला, आम्हाला घेऊन ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. सिंहलीची परीक्षा दिल्याशिवाय रेल्वेत बढती नाही, आणि आम्हा बर्गर लोकांचं, म्हणजे डचांच्या इथल्या वंशजांचं, सिंहली मासेवाल्यापुरतं. ऑस्ट्रेलियाला पुरावा हवा होता, आमचं रक्त युरोपातलंच असल्याचा.

शोधता शोधता मला वेडच लागलं. यान केलार्ट डच कंपनीचा शिपाई म्हणून गॉलला उतरला. त्याचा नातू जाफन्याला गेला, नातवाचा नातू रेल्वेच्या रुळांमागोमाग कँडीच्या डोंगरात चढला, आणि पप्पांनी देहिवळ्याला घर केलं. एकाचंही बूड एका जागी टेकलेलं नाही. वाचून माझेही पाय शिवशिवायचे. घरभर येरझाऱ्या घालत मी मनातल्या मनात ट्रंक भरायचे.

अडचण एकच होती, यानची बायको. तिचा बाप्तिस्मा लग्नाच्या आदल्या दिवशी झालेला. म्हणजे बाई जन्मानं ख्रिस्ती नव्हती, इथलीच, गॉलची.

"गाळ तिला," ऑस्मंड म्हणाला.

"गाळते. दोनशे वर्षांनी कोण विचारतंय तिला!"

मी खरंच गाळली. हात जरासुद्धा अडखळला नाही.

रविवारी वंशावळ टेबलावर पसरून मी ऐटीत उभी राहिले. सगळ्यात खाली आम्ही दोघं, ऑस्मंड आणि मर्ल. ऑस्मंड बघतच राहिला. मग आमचा अर्ज हातात घेऊन खुर्चीत बसला, लगेच उठला.

"अक्षर सुरेख आहे. पण नवी प्रत लागेल, मर्ल."

"का? कागद पक्के आहेत."

"कागदांचं काय! ऑस्ट्रेलियावाले तोंडं बघतात. शेजारच्या श्रेडरांचा अर्ज परत आला ना, तो त्यांच्या एका पोरीमुळे."

श्रेडरांची ती पोरगी माझ्याच रंगाची. ऑस्मंड ममीसारखा गोरापान आणि मला लहानपणी घरात करपलेला केक म्हणायचे. तेव्हा मीही हसायचे.

"मग आता कुणाला गाळू?" मी विचारलं.

ऑस्मंडने ममीकडे पाहिलं. ममी पावाला लोणी लावत होती.

"आधी आम्ही पोचतो गं. मग तुला बोलावून घेऊ."

"कुणाला बोलावशील ममी? नसलेल्या मुलीला?"

"उगाच आकांडतांडव नको. चहा घे."

मी ऑस्मंडच्या हातातून अर्ज हिसकावून घेतला. ममीचा भाग भरलेला होता. अपत्ये: एक. खाली ममीची सही, नेहमीसारखी नीटनेटकी. शेजारी तारीख होती, मी पहिल्यांदा गॉलला निघाले त्या दिवसाची.